आधी पलटण, मग माणूस

सासूबाईंच्या घराण्यात ‘कोणीतरी लाल डगलेवाला’, म्हणजे ब्रिटिश शिपाई, ‘होता’ एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. मी मूळची पुण्याची, लग्नानंतर सिडनीकर झाले आणि हे कोडं माझ्या गळ्यात पडलं. अशा शोधाला बसणाऱ्यांना मी पहिली गोष्ट सांगते: नाव घेऊन सुरुवात करू नका. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश फौजेत एकाच नावाचे ढीगभर शिपाई सापडतात. आधी पलटण शोधा.

ती सापडते शिपायाच्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत. न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात, सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली १८५६ मध्ये. त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत आहे. जन्म-मृत्यू खात्याच्या ऑनलाइन सूचीत नाव फुकट शोधता येतं, पण तेवढ्यावर थांबू नका, मूळ नोंदीची नक्कल मागवा. आमच्या नोंदीत राहण्याच्या जागी ‘बरॅक्स’ आणि बापाच्या धंद्याच्या रकान्यात ‘प्रायव्हेट, १७ वी रेजिमेंट’ असं लिहिलेलं होतं.

१७ वी पलटण इथे होती १८३० ते १८३६. आता हजेरीपट काढा. लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ते ‘डब्ल्यूओ १२’ (डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस, ब्रिटिश युद्धखातं) या मालिकेत आहेत आणि ऑस्ट्रेलियाशी संबंधित भागाच्या मायक्रोफिल्म ऑस्ट्रेलियन जॉइंट कॉपिइंग प्रोजेक्टने करून ठेवल्यात. आता त्या ट्रोव्हवर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर, फुकट बघता येतात. नावाने थेट शोध लागेल अशी आशा ठेवू नका, पानं उलटावीच लागतात. हजेरी तिमाहीची असते आणि शेऱ्याच्या रकान्यात शिपाई इस्पितळात होता की नॉरफोक बेटावरच्या कैद्यांच्या वसाहतीत पहाऱ्याला, ते कळतं. खरी मजा मात्र तिमाहीच्या शेवटच्या फॉर्मात. तिथे पलटण सोडलेल्यांची यादी असते: जन्मगाव, मूळ धंदा, आणि मेला, सुटला की दुसऱ्या पलटणीत गेला. जन्मगाव मिळालं की आयर्लंड किंवा इंग्लंडमधली वाट मोकळी होते.

१८३६ मध्ये माणूस यादीतून गायब झाला तर घाबरू नका. पलटण निघाली की इथेच राहू इच्छिणारे बरेच जण मागे राहिलेल्या पलटणीत बदली करून घेत. त्या वर्षी इथे ४ थी, २८ वी आणि ५० वी होती, त्यांचे पट बघा. पेन्शन मिळालेला असेल तर ‘डब्ल्यूओ ९७’ मध्ये उंची, केस, डोळे, जखमा, सगळं येतं.

बायको शोधणं जास्त जिकिरीचं. या जुन्या हजेरीपटात तिला जागाच नाही. सरकारी खर्चाने शंभर शिपायांमागे मोजक्याच बायका येत, त्याही बऱ्याचदा चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या. ब्रिटनहून कैदी आणणाऱ्या जहाजावर पहारेकरी म्हणून आलेल्या तुकडीची बातमी ‘सिडनी गॅझेट’मध्ये असते, पण तिथेही बायकांचा नुसता आकडा. जहाजाच्या डॉक्टरची रोजनिशी उरली असेल तर वाचाच. आजाऱ्यांच्या यादीत शिपायाची बायको नावासकट सापडू शकते. ती इथेच भेटली आणि कैदी होती, तर लग्नाला गव्हर्नरची परवानगी लागे. ते अर्ज सिडनीच्या राज्य अभिलेखागारात आहेत. बाकी सगळ्या मुलांचे बाप्तिस्मे एकत्र मांडा. एका नोंदीत ती नुसती ‘मेरी’ असते, दुसरीत चुकून माहेरचं आडनाव निघतं.

आणि पलटणीबरोबर गेली असेल तर? १७ वी इथून थेट मुंबईला गेली. मुंबई इलाख्यातल्या गोऱ्यांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ या खुणेखाली आहेत. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या फिबिस या संस्थेच्या सूचीत नावं फुकट तपासता येतात. नवऱ्याचं दफन सापडलं की लगेच पुढच्या महिन्यांतली लग्नं बघा. विधवेला रेशन फार काळ मिळत नसे, म्हणून ती लवकरच दुसऱ्या शिपायाशी लग्न करी, आणि तिथून पुढे तिला नव्या आडनावाने शोधायचं.