व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डचा शास्त्रशुद्ध अभ्यास कसा करावा

एखादा फॉरवर्ड खोटा आहे हे दाखवून देणे म्हणजे पडताळणी. आपल्या भागातल्या ग्रुपांवर येणाऱ्या शंभर फोटोंपैकी किती दिशाभूल करणारे असतात आणि त्यांत कोणता प्रकार जास्त असतो, हे सांगणे म्हणजे संशोधन. मराठी ग्रुपांबद्दल ठामपणे बोलायचे तर हे दुसरे काम व्हायलाच हवे. तिघांचा गट आणि एक स्प्रेडशीट एवढ्यावर पदवीचे विद्यार्थीही ते करू शकतात.

१. प्रश्न लहान ठेवा

‘फेक न्यूजचा समाजावर परिणाम’ हा विषय प्रकल्पाच्या आवाक्यातला नाही. ‘दोन आठवड्यांत अमुक तालुक्यातल्या दहा ग्रुपांवर आलेल्या फोटोंपैकी किती दिशाभूल करणारे होते?’ हा प्रश्न आवाक्यातला आहे. किरण गरिमेला आणि डीन एकल्स या संशोधकांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीआधीच्या राजकीय ग्रुपांवरचे फोटो असेच तपासले. सुमारे १३ टक्के फोटो दिशाभूल करणारे निघाले. त्यांत मुख्यतः तीन प्रकार होते: जुना फोटो नव्या घटनेचा म्हणून, फेरफार केलेला फोटो, आणि खोटे उद्गार किंवा आकडे छापलेले मीम.

२. संमती घ्या, मगच गोळा करा

ॲडमिनची परवानगी पुरत नाही. ग्रुपवर स्पष्ट सूचना टाका, आणि ज्यांना नको असेल त्यांचे मेसेज वगळा. कॉलेजची नैतिकता समिती असेल तर तिची मंजुरी आधीच घ्या. चॅट एक्सपोर्ट केली की त्यात नावे आणि नंबर येतात. त्याच दिवशी त्यांच्या जागी ‘स००१’, ‘स००२’ असे संकेतांक घाला. ‘अनेक वेळा फॉरवर्ड’ची दुहेरी बाणाची खूण मात्र फोनवर बघूनच नोंदवा.

३. नमुना चिठ्ठ्या टाकूनच निवडा

इथेच बहुतेक प्रकल्प फसतात. संशयास्पद वाटले तेवढेच मेसेज उचलले तर टक्केवारीला काही अर्थ उरत नाही. सर्व फोटोंना क्रमांक द्या, स्प्रेडशीटच्या ‘रँड’ या कोणताही आकडा आपोआप देणाऱ्या फंक्शनने क्रम लावा आणि वरचे ४०० घ्या. खरे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास असेल तर ४०० फोटोंवर अंदाज सुमारे ३.३ टक्के मागेपुढे होतो, १०० वर ६.६. हा हिशेब गोळा केलेल्या फोटोंपुरताच लागू असतो. दहा ग्रुपांवरून साऱ्या महाराष्ट्राचा निष्कर्ष काढू नका. एकच फोटो पाच ग्रुपांवर आला तर ‘वेगळे फोटो’ आणि ‘एकूण वेळा’ हे दोन आकडे स्वतंत्र ठेवा. संकष्टी चतुर्थीच्या शुभेच्छा, श्रद्धांजली, वाढदिवसाचे बॅनर हेही नमुन्यातच राहू द्या. त्यांना वगळले की टक्केवारी उगाच फुगते.

४. वर्गवारी आधी लिहून काढा

एकही फोटो तपासण्याआधी प्रत्येक वर्गाची दोन ओळींत व्याख्या लिहा: जुना संदर्भ, फेरफार, खोटा मजकूर, पूर्ण बनावट, खरे, तपासण्याजोगा दावाच नाही, आणि अनिर्णित. शेवटचा वर्ग नसेल तर ज्याचा पुरावा सापडत नाही ते सगळे ‘खोटे’मध्ये ढकलले जाते.

व्हिडिओ घेणार असाल तर व्याख्या आणखी काटेकोर हवी. २०१८ मध्ये मुले पळवणाऱ्या टोळीचा म्हणून देशभर फिरलेला व्हिडिओ पाहा. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरून एक मूल उचलतात. मूळ चित्रफीत कराचीतल्या एका संस्थेची जनजागृतीची होती. तिच्या शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. तेवढा भाग कापला होता. फ्रेममध्ये काहीच बदललेले नाही, मग हा ‘फेरफार’ की ‘जुना संदर्भ’? ‘कापलेला’ असा स्वतंत्र वर्ग नसेल तर तपासणारे दोघे दोन उत्तरे देतील. अशाच अफवांच्या लाटेत १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांचा जीव घेतला. वर्गवारीची ही किचकट मेहनत अनाठायी नाही.

५. तपासणी

फोटो गूगल लेन्स, टिनआय आणि यांडेक्स या फोटोवरून फोटो शोधणाऱ्या तिन्ही सेवांवर टाका. काही सापडले नाही तर वरचा मजकूर कापून टाका, नाहीतर फोटो आरशासारखा उलटवून पुन्हा शोधा. टिनआयवर दिसणारी सर्वांत जुनी तारीख ही फोटो त्यांना पहिल्यांदा सापडल्याची असते, काढल्याची नव्हे. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत कॅमेऱ्याची मूळ माहिती सहसा उरत नाही, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका. मजकुरातले एखादे वेगळे वाक्य अवतरणचिन्हांत शोधा, आणि मराठीत नसेल तर हिंदीतही. पुष्कळ फॉरवर्ड हिंदीतून उतरलेले असतात. प्रत्येक निर्णयासोबत पुराव्याची लिंक आणि तारीख लिहाच.

६. दोघांनी वेगवेगळे तपासा

निदान १०० फोटो दोघांनी एकमेकांशी न बोलता वर्गात टाकावेत. समजा ८० वर दोघे ‘दिशाभूल नाही’ म्हणाले, १० वर दोघे ‘दिशाभूल’ म्हणाले, आणि उरलेल्या १० पैकी पाच एकाने, पाच दुसऱ्याने ‘दिशाभूल’ ठरवले. एकमत ९० टक्के, म्हणजे उत्तम वाटते. पण प्रत्येकाने १५ ‘दिशाभूल’ आणि ८५ ‘नाही’ म्हटले आहे. निव्वळ योगायोगाने जुळण्याचा वाटा ०.१५ × ०.१५ + ०.८५ × ०.८५ = ०.७४५. हा वाटा वगळून एकमत मोजणारा आकडा, म्हणजे कोहेनचा काप्पा: (०.९० − ०.७४५) ÷ (१ − ०.७४५), म्हणजे जेमतेम ०.६१. काप्पा ०.८ च्या पुढे गेला तर निर्धास्त राहा. ०.६७ च्या खाली असेल तर ज्यांवर मतभेद झाले ते फोटो समोर घेऊन व्याख्या सुधारा आणि नवे १०० तपासा. जुनेच परत तपासलेत तर आकडा आपोआप वाढतो आणि फसवतो.

७. लिहिताना

प्रमाण सांगा, परिणाम सांगू नका. ‘प्रशिक्षणाने लोक शहाणे झाले’ असे लिहायचे असेल तर प्रशिक्षण न मिळालेला दुसरा गट हवा. संशोधक सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ मध्ये बिहारमध्ये तसा गट ठेवून प्रयोग केला. सुमारे तासाभराच्या प्रशिक्षणाने खोटी बातमी ओळखण्यात एकंदरीत लक्षणीय फरक दिसला नाही.

अहवालात दिशाभूल करणारा फोटो छापताना त्याच्यावर आडवा, ठळक ‘खोटे’ शिक्का मारा. कोपऱ्यातला शिक्का कापून तो फोटो पुन्हा फिरू शकतो. ग्रुपचे नाव देऊ नका. संकेतांक आणि नावे जोडणारी यादी वर्गवारीचे काम संपताच पुसा, गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीतूनही.