विंडोज बदलताय? फॉन्ट घेतले का?

सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या सुट्टीत मी घरच्या पीसीला फॉरमॅट मारला आणि वहिनींनी केलेल्या सगळ्या लग्नपत्रिका घालवल्या. फायली होत्या, फॉन्ट नव्हते. '॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥' होतं तिथे इंग्रजी अक्षरं, काही टोपीवाली, काही ठिपकेवाली. वहिनी चार दिवस बोलल्या नाहीत. मग बोलल्या, ते जास्त वाईट.

तर आधी बदलायचं का ते ठरवा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण त्यामुळे पीसी बंद पडत नाही. नाव नोंदवलं तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. घाई नको.

विंडोज ११ ला टीपीएम २.०, म्हणजे पीसीतली सुरक्षेची सोय, लागतं, आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. टीपीएम दिसत नसेल तर नवीन मशीन घ्यायला नवी पेठेत पळू नका, बायोस (पीसी सुरू होतानाच्या सेटिंग) उघडा. इंटेलवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम या नावानं ते बऱ्याचदा नुसतं बंद ठेवलेलं असतं. प्रोसेसरच जुना असेल तर जुगाडानं ११ चढतं, पुढच्या अपडेटची हमी नाही. मी तरी करणार नाही.

विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, काही पुसावं लागत नाही. वाय-फाय, आवाज बघा. प्रिंटर 'दिसतोय' यावर समाधान मानू नका, एक पान छापा. घरात टॅली (हिशेब) किंवा कोरलड्रॉ (डिझाइन) या सॉफ्टवेअरवर पोट असेल तर हा विषय इथेच सोडा, दोन्ही लिनक्सवर थेट चालत नाहीत.

बॅकअप. फोटो, कागदपत्रं सगळेच घेतात. फॉन्ट घ्या. ते डॉक्युमेंट्समध्ये नसतात, सी ड्राइव्हवर विंडोजच्या आत फॉन्ट्स फोल्डरमध्ये असतात. एकाच युजरपुरते टाकलेले अ‍ॅपडेटाच्या पोटात लपलेले असतात, तेही घ्या. युनिकोडच्या, म्हणजे आताच्या सगळीकडे चालणाऱ्या टायपिंगच्या, आधीचे फॉन्ट इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षर बसवतात. फॉन्ट गेला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. 'नेटवर मिळेल की बे' असं मीही म्हणालो होतो. त्याच नावाचा मिळाला, त्यात अर्धी जोडाक्षरं भलतीकडे! १० वरच ११ चढवलं तर फॉन्ट सहसा राहतात. तरी घ्या. घेतलेले दुसऱ्या पीसीवर टाकून एक जुनी पत्रिका उघडून बघा, नाहीतर घेतले असं समजू नका.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर त्याची की कागदावर. सॉफ्टवेअरचं डोंगल (यूएसबीत लावायची परवान्याची किल्ली) असेल तर त्याचा ड्रायव्हर. यूपीएस नसेल तर लाइट जायच्या वेळी सुरू करू नका. मग चढवा, ड्रायव्हर, पासवर्ड, ते होतं हळूहळू. आणि वहिनी पत्रिका छापून बघेपर्यंत जुनी डिस्क पुसू नका.