जिनिव्हात आंतरराष्ट्रीय संबंध शिकायला येणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी

दर वर्षी मे-जून आला की पुण्या-मुंबईहून, कधी नांदेड-कोल्हापूरहून फोन सुरू होतात. कुणाच्या तरी मावसभावाकडून माझा नंबर मिळालेला असतो. "ताई, ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूटला प्रवेश मिळालाय, पुढे काय?" प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते. मीही इथेच शिकले आणि मग इथलीच झाले, त्यामुळे यात माझी मतंही येतील.

सगळ्यात आधी खोली. व्हिसाच्या फाइलइतकीच ती निकडीची. जिनिव्हात रिकामी घरं नसतातच म्हटलं तरी चालेल. इन्स्टिट्यूटची स्वतःची वसतिगृहं आहेत. पिकिओतो हे मेझों द ला पे या मुख्य इमारतीला लागूनच आहे आणि ग्रां मोरियों त्यानंतर बांधलेलं. अर्ज खुला झाला की त्याच दिवशी भरा, 'आईबाबांशी बोलून उद्या भरते' म्हणू नका. तिथे नाही मिळालं तर शांपेल भागातली सिते युनिव्हर्सितेर ही विद्यार्थ्यांची वसाहत. खासगी खोली घ्यायची तर तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत अनामत मागू शकतात. ती बँकेत तुमच्या नावाच्या वेगळ्या खात्यात ठेवायची असते, मालकाच्या खिशात द्यायची नसते. खोली न बघता, 'मी सध्या लंडनला आहे, किल्ली कुरियरने पाठवतो' म्हणणाऱ्याला एक फ्रँकही पाठवू नका.

इथे सगळ्यांना एकच युक्ती सुचते: सीमा तर ट्रामच्या अंतरावर, मग फ्रान्समध्ये आन्मास किंवा फेर्ने-व्हॉल्तेरला स्वस्तात राहू. तुम्हाला ते जमणार नाही. भारतीय पासपोर्टवर मिळालेला स्विस विद्यार्थी परवाना फ्रान्समध्ये राहण्याचा हक्क देत नाही. फ्रान्समध्ये भाजी आणायला जा, राहायला नको. भाजीचीही मर्यादा आहे. माणशी १५० फ्रँकांपर्यंतचा माल करमुक्त आणता येतो (२०२५ पूर्वी ही मर्यादा ३०० होती) आणि मांस दिवसाला एक किलोच.

व्हिसा 'डी' प्रकारचा, म्हणजे दीर्घ मुक्कामाचा लागतो. कागद मुंबई-दिल्लीत दिले तरी निर्णय जिनिव्हा कॅन्टनकडून (कॅन्टन म्हणजे इथलं राज्य) येतो, त्यामुळे दोन-तीन महिने धरूनच चाला. आल्यावर चौदा दिवसांत नोंदणी करायची. हे काम ओनेक्समधल्या लोकसंख्या कार्यालयाकडे असतं, सगळे त्याला 'ओसेपेएम' म्हणतात. मिळतो तो राहण्याचा बी परवाना, दर वर्षी नूतनीकरण. टपालपेटीवर तुमचं नाव चिकटवलेलं असलंच पाहिजे. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि इथे परवान्यापासून बँकेच्या पिनपर्यंत सगळं टपालानेच येतं. दुसऱ्याच्या घरात राहत असाल तर पत्त्यात त्या घरमालकाचं नावही घाला.

आरोग्यविमा तीन महिन्यांच्या आत घ्यावाच लागतो. कॅन्टनचं पत्र येईल. फ्रेंचमध्ये आहे म्हणून ते बाजूला ठेवलंत तर कॅन्टन स्वतःच तुम्हाला एखाद्या कंपनीच्या गळ्यात बांधतो आणि हप्ता जबर बसतो. परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्वस्त योजना असतात. त्यातली एखादी घेऊन सक्तीच्या स्विस विम्यातून सूट मागण्याचा अर्ज करा. २५ वर्षांखाली असाल तर शहरातल्या ट्राम-बसचा पास जानेवारी २०२५ पासून मोफत झालाय, त्याचाही अर्ज करावा लागतो, आपोआप काही मिळत नाही.

बाकी संसार तसा सोपा. दुकानं रविवारी बंद, अडलंच तर कोर्नाव्हें या मुख्य स्टेशनातलं आणि विमानतळावरचं मिग्रो हे किराणा दुकान उघडं असतं. पाकी भागात श्रीलंकन तमिळांची आणि भारतीयांची दुकानं आहेत. तिथे तूरडाळ, पोहे, कढीपत्ता सगळं मिळतं, फक्त गोडा मसाला नाही. तो घरून आणा. कुकर आणा. मिक्सर आणलात तर लक्षात ठेवा, इथला तीन पिनांचा सॉकेट बाकी युरोपपेक्षा वेगळा आहे, 'युरोप अडॅप्टर' म्हणून विकलेला जाडा गोल प्लग त्यात शिरत नाही. सामायिक स्वयंपाकघरात फोडणी देताना खिडकी उघडी ठेवा. धुराचा अलार्म वाजला आणि मजलाभर मुलं जिन्यात उभी राहिली की तुमची ओळख वर्षभर तीच राहते. थंडीपेक्षा त्रास होतो तो तळ्यावरून येणाऱ्या 'बीझ' वाऱ्याचा आणि नोव्हेंबर ते जानेवारीच्या करड्या ढगांचा. शनिवारी डोंगरावरच्या सें-सेर्ग गावी चढून जा, ढगांच्या वर ऊन असतं.

आता शिक्षणाकडे. ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट ही संस्था १९२७ साली विल्यम रापार आणि पॉल मांतू यांनी काढली, राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्सच्या) सावलीत, आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास हा स्वतंत्र विषय जेमतेम उभा राहत असताना. कायदेपंडित हान्स केल्सन इथे शिकवत होते. पुढे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान १९६१-६२ मध्ये इथे शिकायला होते. प्रवेशाच्या वेळी ही नावं ऐकून छाती फुगते, पण पहिल्या सत्रात कामी येतं ते वेगळंच. पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार सत्रांचा. गुण सहापैकी, चारला उत्तीर्ण. पाच मिळाले तर घरी फोन करून 'फक्त पाच' असं रडू नका, चांगले आहेत.

आपल्याकडची हुशार मुलं इथे कुठे अडतात ते मी अनेक वर्षं बघतेय. वाचन ती करतात, परीक्षेलाही घाबरत नाहीत. ती सेमिनारमध्ये गप्प बसतात. शेजारी ब्राझीलचा मुलगा अर्धवट वाचून ठामपणे बोलतो आणि आपली मुलगी सगळं वाचून 'सरांनी विचारलं तर सांगेन' म्हणत बसते. इथे कुणी विचारत नाही. दुसरी अडचण म्हणजे विषयाचा आवाका. 'भारत-चीन संबंध' किंवा 'बहुध्रुवीय जग' यावर प्रबंध लिहायला येणाऱ्यांची रांग मोठी असते. मी प्रत्येकाला एक फाइल धरायला सांगते. एक करार, एक समिती, एक वाद, आणि तो तळापर्यंत.

उदाहरण देते. तळ्याकाठच्या सेंटर विल्यम रापारमध्ये जागतिक व्यापार संघटना बसते. तिथे जून २०२२ मध्ये मासेमारी अनुदानांवरचा करार मंजूर झाला आणि १५ सप्टेंबर २०२५ रोजी लागू झाला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. मालवण किंवा रत्नागिरीच्या बंदरात वाढलेल्या मुलाला डिझेलवरची सवलत म्हणजे काय, ट्रॉलर आणि छोट्या होडीतला फरक काय, पर्ससीन जाळ्यांवरून भांडण का होतं, हे ठाऊक असतं. त्या खोलीत वाटाघाटी करणाऱ्या निम्म्या लोकांना ते फक्त कागदावर ठाऊक असतं. किंवा घरकामगारांचा करार घ्या. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये तो स्वीकारला, क्रमांक १८९. महाराष्ट्राने त्याच्या आधी, २००८ मध्ये, घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला होता. या दोन कागदांमधल्या अंतरावर उत्तम प्रबंध होऊ शकतो, आणि त्यासाठी मुलाखती मराठीत घेता येणारा विद्यार्थी वर्गात बहुधा एकटा तुम्हीच असाल.

वर्गाबाहेर बसायला शिका. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेची वर्षाला तीन नियमित सत्रं भरतात, पहिलं फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, दुसरं जून-जुलैत, तिसरं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. मेमध्ये जागतिक आरोग्य सभा, जूनमध्ये श्रम परिषद. पाले दे नासियों या संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत विद्यार्थी म्हणून सहज आत जाता येत नाही, पण मान्यताप्राप्त स्वयंसेवी संस्थांना सत्रात टिपणं काढायला माणसं हवी असतात आणि त्या बॅज मिळवून देतात. ऑक्टोबरमध्येच अशा संस्थांना लिहा. आत गेल्यावर परिषदेच्या दालनातल्या, बार्सेलो या स्पॅनिश चित्रकाराच्या रंगीत छताचे फोटो काढून झाले की मागच्या रांगेत बसा आणि बघा: भाषणं दोन मिनिटांची असतात, खरं काम बाहेरच्या कॉफीजवळ आणि मसुद्यातल्या एका क्रियापदावर चालतं. त्याच इमारतीत राष्ट्रसंघाचं दप्तर आहे. ब्रिटिश राज्यात असूनही भारत राष्ट्रसंघाचा संस्थापक सदस्य होता. ती विचित्र स्थिती त्या कागदांत पानोपानी दिसते. इतिहासाची आवड असणाऱ्याने एक दुपार तिथे घालवावी.

(आणखी एक जागा, अभ्यासाशी संबंध नसलेली. टिळकांच्या शिफारशीवर सावरकरांना लंडनची शिष्यवृत्ती देणारे श्यामजी कृष्णवर्मा १९१४ नंतर याच शहरात राहिले, १९३० मध्ये इथेच वारले, आणि त्यांच्या अस्थी २००३ पर्यंत सें-जॉर्जच्या स्मशानभूमीत होत्या. बहुतेक मराठी मुलं तिथे न जाताच परततात.)

फ्रेंच. इन्स्टिट्यूटमध्ये इंग्रजीवर निभतं आणि तिथेच मुलं फसतात. पुण्याच्या किंवा मुंबईच्या आलियान्स फ्रान्सेजमध्ये निघण्याआधी निदान बी-१ ही मध्यम पातळी गाठा. इथे सत्तरला 'सेप्तांत' आणि नव्वदला 'नोनांत' म्हणतात, बाकी तेच. दुकानात शिरताना आधी 'बोंजूर', मग प्रश्न. संयुक्त राष्ट्रांतल्या नोकऱ्यांत फ्रेंचला वजन आहेच, छोट्या संस्थांमध्ये तर तिच्याशिवाय पान हलत नाही.

शेवटी नोकरी, कारण सगळे फोन तिथेच येऊन थांबतात. जे कुणी सांगत नाही ते सांगते. काळ वाईट आहे. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याची नोटीस दिली, परदेशी मदत आटली, संयुक्त राष्ट्रांनी 'यूएन८०' नावाची काटकसर सुरू केली, आणि या शहरात अनुभवी माणसं घरी बसली. तुम्ही त्यांच्याशीच स्पर्धा करणार आहात. संयुक्त राष्ट्र सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते, श्रम संघटना मात्र पैसे देते, म्हणून तिथले अर्ज आधी. देश पैसे देऊन पाठवतात त्या 'जेपीओ' (ज्युनियर प्रोफेशनल ऑफिसर) जागा बहुतेक श्रीमंत देशांनी आपल्याच नागरिकांसाठी ठेवलेल्या असतात.

परवान्याचा फरक नीट समजून घ्या. आंतरराष्ट्रीय संघटनेत नोकरी लागली तर स्विस परराष्ट्र खातं वेगळं ओळखपत्र देतं, कॅन्टनचा कोटा लागत नाही. स्वयंसेवी संस्थेत लागली तर कॅन्टनची परवानगी लागते, आणि ती मिळवणं मालकालाही डोकेदुखी वाटतं. म्हणून मुलाखतीत 'परवान्याचं काय?' हा प्रश्न आला की तुमच्याकडे उत्तर तयार हवं: स्विस विद्यापीठाचा पदवीधर असल्याने काय सवलत आहे, अर्ज कोण करतो, किती वेळ लागतो. पदवीनंतर नोकरी शोधायला सहा महिने मिळतात. शिकत असताना पहिले सहा महिने काम करता येत नाही, नंतर सत्रात आठवड्याला पंधरा तास. कॅफेत किंवा मुलं सांभाळण्याचं काम कमी समजू नका. इथे किमान वेतन तासाला २४ फ्रँकांच्या वर आहे आणि फ्रेंच त्यातच सुधारते.

आणि ज्यांना भारताचे राजदूत व्हायचंय त्यांनी तिकीट काढण्याआधी विचार करावा. परराष्ट्र सेवेचा दरवाजा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून आहे, तिला या पदवीची गरज नाही आणि वयाची मर्यादा आहे. दोन वर्षं इथे घालवून मग दिल्लीला तयारीला बसायचं असेल तर वय मोजून बघा.

आर्थिक मदतीचा अर्ज प्रवेशाच्या अर्जासोबतच करायचा असतो. पुढच्या वर्षी येणाऱ्यांनी हे आत्ताच टिपून ठेवा, प्रवेश मिळाल्यावर फोन केलात तर मला काही करता येत नाही.