दशांश दिला, तरी कारभार चुकतो: या चुका टाळा

दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, देवाला दिला की उरलेले 90 टक्के आपलेच, या समजुतीतून बहुतेक चुका सुरू होतात. सगळे देवाचे आहे, आपण त्याचे कारभारी; आणि कारभाऱ्याला मालकाच्या सगळ्या मालमत्तेचा हिशेब द्यावा लागतो. त्यामुळे अर्पणाइतकेच कर्ज, बचत आणि मृत्युपत्रही विश्वासूपणात येते.

उरले तर देऊ. असे म्हटले की महिनाअखेर काही उरत नाही. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला (चर्चला) सांगतो की प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी मिळकतीच्या मानाने बाजूला काढून ठेवावे (1 करिंथ 16:2). पैसे हाती येतील त्याच दिवशी ठरलेला हिस्सा वेगळ्या खात्यात टाका. मिळकत कमीजास्त होत असेल तर ठराविक रक्कम बांधून घेऊ नका, टक्केवारी ठरवा. चांगल्या महिन्यात कबूल केलेली रक्कम मंदीत झेपत नाही, मग देणेच थांबते. धंदेवाइकांनी विक्रीवर नव्हे, तर धंद्याचा खर्च वजा जाऊन उरलेल्या नफ्यावर हिशेब करावा. टक्केवारी पतीपत्नींनी मिळून ठरवावी.

उसने आणून देणे. क्रेडिट कार्डावर दिलेले दान सावकाराच्या पैशातले असते आणि त्यावर व्याज चढते. आपल्याजवळ असेल त्या मानाने दिलेले देवाला मान्य आहे, नसेल त्या मानाने नव्हे (2 करिंथ 8:12). कर्जात असाल तर देणे पूर्ण बंद करू नका, 2-3 टक्के का होईना चालू ठेवा, म्हणजे सवय मोडत नाही. सगळी कर्जे व्याजदरासह कागदावर मांडा. प्रत्येकाचा ठरलेला हप्ता भरा आणि जास्तीचा पैसा सर्वांत महाग कर्जाकडे वळवा. एक कर्ज फिटले की मोकळ्या झालेल्या हप्त्याचा मोठा भाग पुढच्या कर्जाला आणि थोडा अर्पणाला जोडा. इथे गडबड होते ती अशी की तो हप्ता नव्या खरेदीत जातो.

घरच्यांना उपाशी ठेवून उदारपणा. आईवडिलांच्या वाट्याचे ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहणाऱ्यांना येशूने खडसावले होते (मार्क 7:9-13). उलट बाजूही सांभाळा: स्वतःच्या मुलांची फी दशांशात धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते आपले कर्तव्यच आहे.

पगार वाढला, देणे तिथेच. अठराव्या शतकातले इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांचे उदाहरण इथे नेमके आहे. उत्पन्न 30 पौंड असताना ते 28 पौंडांत राहत आणि 2 देत. पुढच्या वर्षी 60 पौंड मिळाले, तेव्हाही 28 मध्येच भागवून त्यांनी 32 दिले. सगळ्यांना हे जमणार नाही. पण प्रत्येक पगारवाढीतला किती हिस्सा द्यायचा हे वाढ हाती पडण्यापूर्वी ठरवता येते. नंतर ठरवायला बसलात तर खर्च आधीच वाढलेला असतो.

दुप्पट मिळेल म्हणून देणे. दशांश भांडारात आणा म्हणजे देव भरपूर आशीर्वाद देईल, या मलाखी 3:10 मधल्या वचनाचा आधार त्यासाठी घेतला जातो. पण ते भांडार मंदिराचे होते. दशांशावर लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणारे लोक, जगत, आणि तिसऱ्या वर्षीचा दशांश परदेशी, अनाथ व विधवा यांनाही मिळे (अनुवाद 14:28-29). तो गुंतवणुकीचा सौदा नव्हता. कुणी मुदत घालून, मोबदल्याचे आश्वासन देऊन पैसे मागत असेल तर त्या दिवशी देऊच नका. भाग पडते म्हणून देऊ नये, असे शास्त्रच सांगते (2 करिंथ 9:7).

हिशेब न विचारणे. हिशेब मागणे हा अविश्वास नव्हे. वर्गणीबाबत कुणी दोष लावू नये म्हणून पौलानेच आपल्याबरोबर इतर बांधवांना पाठवले होते (2 करिंथ 8:18-21). अर्पण किमान दोघांनी मिळून मोजावे, दोघांनी सह्या कराव्यात, आणि वर्षाचा जमाखर्च सभासदांपुढे यावा.

मुलांना मंडळीच्या दारात नाणे हातात देऊ नका. त्यांच्या खाऊच्या पैशातून त्यांनाच वेगळे काढू द्या, नाहीतर ते फक्त तुमचे दान पोहोचवतात.

म्हातारपणीची चूक म्हणजे मृत्युपत्र न करणे. आधी अवलंबून असलेल्यांची सोय लिहा. दानासाठी रक्कम न लिहिता टक्केवारी लिहा, कारण मालमत्तेची किंमत बदलते. संस्थेचे पूर्ण नोंदणीकृत नाव घाला आणि मुलांना हयातीतच सांगून ठेवा.