प्रोजेक्टला "दुष्काळ" घेतलाय? मग आधी तो बारीक करूया

सबमिशनचे दिवस जवळ आले की ओळखीतल्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात, ताई विषय तर ठरला पण सुरुवात कुठून करू तेच कळत नाहीये. विषय काय आहे विचारलं की उत्तर येतं दुष्काळ, स्थलांतर, स्त्रीशिक्षण, सोशल मीडिया. यातला एकही अजून टॉपिक झालेला नाहीये, म्हणून तर सुरुवात सापडत नाही. एवढ्या मोठ्या विषयाबद्दल माहिती गोळा करता येते, विश्लेषण करता येत नाही, कारण विश्लेषणाला काहीतरी प्रश्न लागतो आणि "दुष्काळ" या एका शब्दात प्रश्नच नाहीये.

मी स्वतः एम.ए.ला असताना "महाराष्ट्रातील दुष्काळ : एक अभ्यास" असं शीर्षक दिलं होतं. दोन महिने वाचत होते आणि वह्या भरत होते, दुर्गादेवीचा दुष्काळ, मग १८७६-७८ चा आणि त्यावेळी पुण्याच्या सार्वजनिक सभेने केलेलं काम, मग बहात्तरचा, मग एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं ते. सगळं खरं आणि सगळं महत्त्वाचं. पण गाईडनी वही चाळून एकच विचारलं की यातून तुला शोधायचंय काय, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते दोन महिने परत मिळाले नाहीत, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. उदाहरण दुष्काळाचंच घेते कारण तो मी शेवटपर्यंत नेलाय, तुमचा विषय वेगळा असला तरी रीत हीच.

पहिली गोष्ट, लगेच कापाकापी करू नका. तीन-चार दिवस मोकळं वाचा. जिल्ह्याचं गॅझेटियर, एखादा सर्वसाधारण लेख, जुन्या पेपरची कात्रणं, जे मिळेल ते, फक्त वाचताना हातात पेन्सिल ठेवा आणि जिथे आपण थांबलो, जिथे "असं कसं काय?" वाटलं तिथे खूण करा. माहिती उतरवून घेऊ नका, फक्त खुणा. आणि घरातल्या मोठ्या माणसांशी बोला, हे तर नक्की करा. आमच्याकडे जुनी माणसं नेहमी म्हणतात की बहात्तरला खायला नव्हतं पण प्यायला पाणी होतं, आता दुकानात धान्य आहे पण प्यायला पाणी नाही. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय, पण प्रोजेक्टच्या नजरेने ऐकलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की यात केवढा मोठा प्रश्न आहे, म्हणजे चाळीस वर्षांत असं काय बदललं की दुष्काळाचा अर्थच बदलला? बोअर, ऊस, रेशन, रस्ते, किती धागे निघतात बघा यातून.

मग त्या खुणा समोर ठेवायच्या आणि विषयाला चार बाजूंनी चिमटे काढायचे. कधी, कुठे, कोण आणि कुठली बाजू.

"कधी" सगळ्यात सोपं म्हणून लोक तिथेच थांबतात. महाराष्ट्रातले दुष्काळ हे झालं १९७०-७३ चा दुष्काळ, ज्याला सगळे बहात्तरचा म्हणतात. वाटतं झालं काम. पण अजून ते मोठंच आहे हो, मे १९७३ मध्ये सरकारी दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती, एवढ्या लोकांबद्दल तुम्ही ऐंशी पानांत काय सांगणार.

"कुठे" ठरवताना जिल्हा घेतला तरी मोठा पडतो. एक तालुका घ्या, जमलं तर तालुक्यातली दोन-तीन गावं. मी सातारा जिल्ह्यातला माण तालुका घेतला कारण तिथे कायमच पाऊस कमी आणि तिथे आमचे नातेवाईक आहेत, म्हणजे राहायची आणि लोकांशी बोलायची सोय. सोय हे कारण देताना लाजू नका, पण सोयीबरोबर दुसरं कारणही हवं, ही जागा तुमच्या प्रश्नासाठी योग्य का ते सांगता आलं पाहिजे. आमच्या बॅचमधल्या एकाने स्वतःचं गाव घेतलं आणि ते कॅनॉलखालचं निघालं, दुष्काळाची झळ तिथे कमी होती, मग त्याने हुशारीने प्रश्नच फिरवला आणि आजूबाजूच्या गावांतून या गावात कामाला कोण कोण आलं ते शोधलं. छान झालं ते.

"कोण" हा चिमटा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच सगळ्यात कमी वापरला जातो. "लोकांवर परिणाम" असं लिहिलं की समजा काहीच लिहिलं नाही. कुठले लोक? जमीन असलेले की भूमिहीन, मुंबईला गेलेले की मागे राहिलेले, गुरं विकलेले की छावणीत नेलेले, मुकादम की मजूर? माझ्या बाबतीत इथे आजी आली. तिने बहात्तरला खडी फोडली होती, मला हे माहीतही नव्हतं, जेवताना सहज म्हणाली की मिलोची (त्या वेळच्या परदेशी लाल ज्वारीची) भाकरी घशाखाली उतरायची नाही पण खडीवर उन्हात बसलं की तीही गोड लागायची, पोरांना सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची. आणि मग म्हणाली की पहिल्यांदा मोजून पैसे माझ्या हातात आले ते तिथेच. मी जेवायची थांबले. वर म्हटलेली पेन्सिलीची खूण ती हीच.

"कुठली बाजू" म्हणजे आर्थिक, सामाजिक, शासकीय, आरोग्याची, भाषेची. एकच घ्या. एकाच प्रोजेक्टात "सामाजिक, आर्थिक व सांस्कृतिक परिणाम" लिहायचा मोह फार होतो कारण ते वजनदार दिसतं, पण मग प्रत्येकाला दहा-दहा पानं मिळतात आणि दहा पानांत वरवरचंच येतं. बाकीच्या बाजू मेल्या असं नाही, त्या येतील मधेमधे, पण मुख्य एकच.

आता हे सगळं जोडलं की काय झालं बघा. दुष्काळ, मग बहात्तरचा दुष्काळ, मग बहात्तरच्या दुष्काळातली सरकारी कामं, मग माण तालुक्यात त्या कामांवर गेलेल्या बायका, मग त्या बायकांच्या हातात आलेली मजुरी. छान बारीक झालाय. पण थांबा, हा अजून फक्त बारीक झालेला विषय आहे, प्रश्न नाहीये. यावर लिहायला बसलात तर "त्या काळी बायका खडी फोडत, पाझर तलावावर माती वाहत, नालाबांधावर जात" असं वर्णन होईल आणि गाईड म्हणतील बरं मग?

प्रश्न कसा काढायचा, तर त्याला "का", "कसं", "कितपत" जोडून बघायचं आणि जिथे उत्तर आपल्याला आधीच माहीत नाही तिथे थांबायचं. माझा असा झाला, दुष्काळी कामावरची मजुरी हातात आल्यामुळे माणमधल्या बायकांचं घरातल्या खर्चाच्या निर्णयातलं स्थान कितपत बदललं, आणि काम बंद झाल्यावर ते टिकलं का? शेवटचा तुकडा सगळ्यात कामाचा ठरला, कारण पैसा आला की मान वाढतो हे कोणीही म्हणेल, पण पैसा थांबल्यावर काय होतं हे विचारावं लागतं. काही आज्या म्हणाल्या पैसे हातात आले तरी संध्याकाळी सासऱ्यांकडेच द्यायचे, काही म्हणाल्या थोडे मागे ठेवायला शिकले ते शिकलेच. म्हणजे उत्तर एक नव्हतं, आणि कुणाच्या घरात टिकलं नि कुणाच्या नाही याचं कारण शोधता आलं. याला विश्लेषण म्हणायचं.

प्रश्न चांगला आहे की नाही हे तपासायला मी एक साधी गोष्ट करते. माझं उत्तर काय येईल याचा अंदाज एका वाक्यात लिहिते आणि मग बघते की कुणी शहाणा माणूस याला "नाही, मला तसं वाटत नाही" म्हणू शकेल का. "दुष्काळामुळे लोकांचे हाल झाले" याला कोण नाही म्हणेल? कोणीच नाही. मग त्यात सिद्ध करण्यासारखं काही उरत नाही. उलट "दुष्काळी कामांमुळे स्त्रियांची स्थिती सुधारली" याला भांडणारे पुष्कळ भेटतील, आणि तुम्हाला पुरावे घेऊन उभं राहावं लागेल.

यानंतरची पायरी बरेच जण शेवटी करतात आणि तिथेच फसतात, ती म्हणजे साधनं. टॉपिक पक्का करायच्या आधी बघा की उत्तर द्यायला लागणारं काही तुमच्या हाताला लागणार आहे का. बहात्तरबद्दल सुदैवाने भरपूर आहे, १९७१ ची जनगणना आहे, जिल्ह्याच्या जनगणना पुस्तिका आहेत, विधिमंडळातल्या चर्चा छापलेल्या आहेत, त्या वेळचे पेपर मोठ्या लायब्ऱ्यांमध्ये बघायला मिळतात. पण गावातल्या कामाचं मस्टर, म्हणजे हजेरीपट, पन्नास वर्षांनी सापडेल याची खात्री धरू नका. मी सुरुवातीला मजुरीचे नेमके आकडे मस्टरवरून काढायचे ठरवलं होतं, एका कचेरीत चार चकरा झाल्या आणि काही मिळालं नाही. तेव्हा प्रश्न बदलला, "किती मजुरी मिळाली" ऐवजी "मजुरी कुणाच्या हातात राहिली", कारण हे आठवणींवरून सांगता येतं आणि आकडा आठवणीवरून घेणं धोक्याचं असतं. साधनं बघून प्रश्न वाकवणं यात काही चूक नाहीये, मात्र वाकवलाय हे लिहून टाका. आणि एक, बहात्तरला कामावर गेलेली माणसं आता सत्तरीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत, इंटरव्ह्यू करायचे असतील तर ते आधी, लायब्ररी नंतर.

कधीकधी एक सरकारी शब्दच विषय बारीक करून देतो. उदाहरणार्थ आणेवारी, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या मानाने यंदा किती पीक आलं याचा सरकारी अंदाज, आता पैसेवारी म्हणतात. गावाची पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की टंचाईच्या सवलती मिळायच्या, म्हणजे एका आकड्यावर गाव दुष्काळी की नाही हे ठरायचं. मग तो आकडा कोण काढतं, शेजारशेजारच्या दोन गावांत तो वेगळा का येतो, एवढ्यावर आख्खा प्रबंध होईल. तसंच रोजगार हमीचं. विधान परिषदेचे सभापती असलेल्या वि. स. पाग्यांनी सांगलीतल्या तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास जो प्रयोग केला तिथपासून १९७७ च्या कायद्यापर्यंत आणि तो २६ जानेवारी १९७९ ला लागू झाला तिथपर्यंत यावं लागतं, आणि ही योजना पुढे देशभरच्या २००५ च्या कायद्याला नमुना ठरली. पण "रोजगार हमी योजना" एवढाच टॉपिक घेतलात तर परत मुलुखभर फिरावं लागेल. "योजना दुष्काळापुरती होती ती कायमची कशी झाली" एवढं घ्या, ते पेलेल.

आता उलटी चूक. काही जण एवढं बारीक करतात की हातात काहीच राहत नाही. "अमुक गावच्या पाझर तलावाचं काम कोणत्या महिन्यात सुरू झालं" याचं उत्तर एका ओळीत येतं, तो टॉपिक नाही, ती नोंद आहे. बारीक किती करायचं याचा माझा अंदाज असा की उत्तराला निदान तीन-चार प्रकारचे पुरावे लागले पाहिजेत, आणि त्या छोट्या जागेतून काहीतरी मोठं दिसलं पाहिजे. तीन गावांतल्या वीस बायकांशी बोलून मला घरातल्या पैशाच्या सत्तेबद्दल सांगता आलं, पण ते सगळ्या महाराष्ट्राला लागू आहे असं मी लिहिलं नाही आणि तुम्हीही लिहू नका.

दुष्काळ नको असलेल्यांसाठी एक पटकन. "सोशल मीडियाचा तरुणांवर परिणाम" हे दर वर्षी निम्म्या वर्गाचं असतं. त्यालाही तेच चिमटे काढा. तुमच्याकडे द्राक्षं असतील तर व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोजचे भाव कळायला लागल्यापासून तुमच्या गावचे बागायतदार दलालाशी बोलताना काय वेगळं करतात, एवढंच बघा. फोन सगळ्यांच्या खिशात आहेत, माणसं शेजारी आहेत, आणि उत्तर तुम्हाला अजून माहीत नाहीये.

शीर्षक सगळ्यात शेवटी ठरवा, प्रश्न आधी. "एक अभ्यास", "एक चिकित्सा", "एक दृष्टिक्षेप" हे शब्द काढून टाका, त्यांनी काही कळत नाही, त्याऐवजी काळ आणि जागा लिहा. आणि जे कापलंत ते फेकू नका हं, माझ्या त्या दोन महिन्यांच्या वह्यांमधलं पार्श्वभूमीच्या प्रकरणात सहा पानं आलं आणि बाकीचं एका वेगळ्या फाईलमध्ये अजून आहे.

गाईडकडे जाताना एकच कागद न्या. वर प्रश्न, एका वाक्यात. खाली कधी, कुठे, कोण, कुठली बाजू. त्याखाली हाताशी असलेली साधनं, म्हणजे खरोखर बघितलेली, "मिळतील" वाली नाहीत. आणि तळाला तुमचा अंदाज की उत्तर काय येईल. ते वाचून गाईड वाद घालायला लागले तर खूश व्हा आणि त्यांचे आक्षेप तिथेच त्या कागदाच्या मागे लिहून घ्या, पहिल्या प्रकरणात तेच लागणार आहेत.