छोटा ट्रॅक्टर घ्यायचा का स्किड स्टीअर?

आधी वर्षभराची कामं कागदावर लिहा, मशीन नंतर बघा. नांगरट, रोटाव्हेटर, गवत कापणं, फवारणी, ट्रॉली ओढणं हे जास्त असेल तर सरळ छोटा ट्रॅक्टर घ्या, कारण मागे थ्री पॉइंट लिंकेज (अवजार अडकवायची तीन टोकांची जोडणी) आणि ५४० आरपीएमचा पीटीओ (इंजिनाच्या ताकदीवर अवजार फिरवणारा दांडा) मिळतो आणि शेतीची बहुतेक अवजारं त्यावरच चालतात. पण माती-खडी उचलणं, झुडपं उपटणं, अडचणीत सामान हलवणं रोजचंच असेल तर स्किड स्टीअर (पुढे बादली असलेलं छोटं लोडर मशीन) भारी, जागच्या जागी वळतो. फक्त वळताना चाकं घासतात त्यामुळे हिरवळ आणि ओली जमीन पार उखडते, हे बरेच जण विसरतात! चाकवाल्या स्किड स्टीअरची रेटेड कपॅसिटी (उचलायच्या वजनाची ठरलेली मर्यादा) म्हणजे तो ज्या वजनाला पुढे कलंडेल त्याच्या निम्मी, त्याच्यावर भरू नका. ट्रॅक्टरला पुढे लोडर लावला तर मागे वजन हवंच, नाहीतर मागची चाकं हलकी होतात, उतारावर तर फारच धोका, रोल बार (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान) उभा आणि सीटबेल्ट लावलेला पाहिजे म्हणजे पाहिजेच. माझं मत विचाराल तर बहुतेकांनी ट्रॅक्टर घ्यावा आणि खोदकामापुरता स्किड स्टीअर भाड्याने आणावा.