कार्ड नसलं तरी कोड पळवायचा कसा

दिवसा मी शिरोली एमआयडीसीत व्हीएमसी (प्रोग्रामवर चालणारं धातू कापायचं मशीन) चालवतो, रात्री राजारामपुरीतल्या खोलीवर जीपीयूचे कर्नल, म्हणजे ग्राफिक्स कार्डवर चालणारे छोटे प्रोग्राम, लिहितो. माझ्या लॅपटॉपात ग्राफिक्स कार्डच नाही. तरी माझा कोड एच१०० या ताकदवान कार्डावर पळतो, कारण डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवरच्या ‘जीपीयू मोड’ सर्व्हरवरचा बॉट (आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम) फाइल घेतो, लांबच्या मशीनवर चालवतो आणि निकाल चॅटमध्येच टाकतो.

आधी सर्व्हरवर सोडवायला दिलेल्या गणितांतलं सरावाचं एक निवडा. ‘ग्रेस्केल’ बरं: लाल ०.२९८९, हिरवा ०.५८७० आणि निळा ०.११४० या प्रमाणात मिसळून रंगीत चित्र करडं करायचं. पायथनची एकच फाइल लागते. तिच्यात ‘कस्टम कर्नल’ हे फंक्शन गणितात दिलेल्या नावानंच हवं, कारण बॉट तेवढंच हुडकतो. आज्ञा आणि नावं अर्थात इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. आणि कोड मोबाइलवर दुरुस्त करू नका. कीबोर्ड सरळ अवतरणचिन्हं वाकडी करून ठेवतो, मग पायथन रुसतो.

आता पाठवणं. चॅटमध्ये तिरकी रेघ मारून ‘लीडरबोर्ड सबमिट’ लिहायला लागलात की वर यादी उघडते. त्या यादीतूनच आज्ञा निवडायची. मी पहिल्यांदा कुठून तरी कॉपी केलेली अख्खी ओळ चिकटवली आणि एंटर दाबला. तो साधा मेसेज म्हणून सगळ्यांपुढे गेला, बॉट ढिम्म! आज्ञा निवडली की फाइलसाठी चौकोन येतो, तिथं फाइल टाकायची. मग कार्ड निवडायचं: टी४, ए१००, एच१००, त्या गणिताला जे असेल ते.

टेस्ट, बेंचमार्क (वेग मोजणं), रँक्ड (क्रमवारीत उतरणं) असे पाठवण्याचे प्रकार दिसतील. थेट रँक्डला हात घालू नका. व्हीएमसीवर नवा प्रोग्राम आला की आपण टूल वर उचलून आधी हवेत फिरवतो. थेट जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर, घालणाऱ्याला आमचा सुपरवायझर काय म्हणतो ते इथं लिहिण्यासारखं नाही. टेस्ट म्हणजे तेच हवेतलं फिरवणं: फक्त उत्तर बरोबर आहे का बघायचं, वेग नंतर.

टेस्ट नापास झाली तर लाल अक्षरं बघून लगेच फाइल बदलू नका. कितव्या जागी काय यायला हवं होतं आणि तुमचं काय आलं, हे बॉट सांगतो. माझ्या एका गणितात १०,००० आकडे होते आणि एका ब्लॉकला (कार्डावर एकत्र काम करणाऱ्या गटाला) मी २५६ दिलेले. भागाकार केला, ३९ आले, खूश झालो. पण ३९ गुणिले २५६ म्हणजे ९,९८४. शेवटचे १६ तसेच उपाशी! चुका सगळ्या शेपटाकडेच दिसत होत्या, त्यावरनं कळलं. ब्लॉक ४० केले आणि हद्दीबाहेर जाणाऱ्यांना मास्क लावला, म्हणजे त्या जागा वगळायला सांगितलं. मास्क विसरलात तर चाळिसावा ब्लॉक भलत्याच मेमरीत हात घालतो.

बेंचमार्कमध्ये प्रत्येक आकाराचा वेळ वेगळा दिसतो. लहान आकारावर भारी आणि मोठ्यावर मार खातोय असं बऱ्याचदा होतं, त्यामुळं सगळे आकडे वहीत टिपा. मग रँक्ड.

स्पर्धेची मुदत यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) दिली असेल तर साडेपाच तास मिळवा. तिकडचे रात्रीचे ११:५९ म्हणजे आपल्याकडं दुसऱ्या दिवशी पहाटेचे ५:२९. माझी पहिली पाळी सातला असते, म्हणून मी आदल्या रात्रीच रँक्ड टाकून झोपतो.